हॉस्पिटल फार्मासिस्टांच्या असोसिएशनचं मेंबर होऊन नेमकं मिळतं काय? परभणीहून विचारायले

इंडेंटवाली_परभणी

नमस्कार सगळ्यांना. मी परभणीत एका शंभर खाटांच्या ट्रस्ट हॉस्पिटलात फार्मसीत आहे, सात वर्षं झाली, आधी डी फार्म आणि मग नोकरी करत करत बी फार्म. मागच्या आठवड्यात आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका सरांनी फॉर्म टाकला, असोसिएशनचे मेंबर व्हा, लाईफ मेंबरशिप आहे, एकदाच भरायचे आणि विसरून जायचं. सगळ्यांनी अंगठे दाखवले आणि माझ्या अंदाजानं भरला एकानंही नाई.

मी आमच्या इन्चार्ज सरांना विचारलं तर म्हणले, कशाला पैसे घालवता मॅडम, आपलं कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आहे की. आता मला हेच कळंना की कौन्सिल वेगळी का असोसिएशन वेगळी, आणि ते केमिस्ट लोकांची संघटना बंद पुकारते ती अजून तिसरीच का काय.

खरं सांगू का, मला सर्टिफिकेट फ्रेम करून लावायची हौस नाई. प्रॉब्लेम वेगळा आहे. एका शिफ्टला आम्ही एकच फार्मासिस्ट असतो. गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला वॉर्डातून सिस्टरचा फोन, मॅडम आरएल चालू आहे, त्याच लाईनीतून सेफ्ट्रायॅक्झोन देऊ का. मला माहीत होतं की आरएलमधे, म्हणजे रिंगर लॅक्टेट सलाईनमधे, कॅल्शियम असतं आणि सेफ्ट्रायॅक्झोन ह्या अँटिबायोटिकसोबत ते साका धरतं, नको म्हणून सांगितलं, पण मोठ्या माणसाला लाईन फ्लश करून एकामागं एक दिलं तर चालतं का नाई हे पक्कं विचारायला कुणीच नव्हतं. शेवटी पुण्यातल्या मैत्रिणीला झोपेतून उठवलं. असं किती दिवस उठवायचं तिला?

तर तिथं जाऊन असं कुणी भेटतं का, का नुसते सत्कार असतात? सध्या एनएबीएचची, म्हणजे हॉस्पिटलच्या दर्जाच्या मान्यतेची, तयारी चालू आहे त्यामुळं वेळ तसाही नाई, क्रॅश कार्ट (तातडीच्या औषधांची ढकलगाडी), निअर एक्स्पायरी, फ्रीजच्या टेम्परेचरची वही, सगळं माझ्याच गळ्यात आहे.

कोल्डरूम_काका

ताई, मी लातूरकडचा, औषधनिर्माण अधिकारी म्हणून रिटायर झालो, त्यामुळं वेळच वेळ आहे, सविस्तर लिहितो.

आधी तुमच्या सरांचा घोळ सोडवू. कौन्सिल म्हणजे महाराष्ट्र स्टेट फार्मसी कौन्सिल, ती १९४८ च्या फार्मसी ॲक्टनी झालेली, तिथं नाव नसंल तर तुम्ही औषध डिस्पेन्सच करू शकत नाई, म्हणजे ती ऐच्छिक भानगड नाई. तिच्यावर सहा जण आपण रजिस्टर्ड फार्मासिस्टच मतं देऊन पाठवतो, हे निम्म्या लोकांना माहीत नसतं आणि मतपत्रिका आली की कपाटात जाते. केमिस्टांची संघटना ही दुकानदारांची, व्यापाराची, मार्जिन न् ऑनलाईन फार्मसीची भांडणं ती भांडते, भांडू द्या, तो त्यांचा धंदा आहे. सरकारी नोकरांच्या युनियनी अजून वेगळ्या, त्या पगार न् बढतीचं बघतात. आणि असोसिएशन म्हणजे नुसतं आपल्या कामाचं. आयपीए, म्हणजे इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशन, १९३९ ची, तिच्यात इंडस्ट्रीवाले, शिक्षक, कम्युनिटी फार्मसीवाले सगळे असतात आणि हॉस्पिटल फार्मसीची वेगळी डिव्हिजन आहे. इंडियन हॉस्पिटल फार्मासिस्ट्स असोसिएशन, म्हणजे आयएचपीए, तर नावाप्रमाणं फक्त आपलीच, तिचं जर्नल पण साठच्या दशकापासूनचं आहे.

आता सत्कारांचं. खोटं कशाला बोलू, मी एका शाखेत पाच वर्षं होतो, नाव घेत नाई, पाच वर्षांत पाच पंचवीस सप्टेंबर झाले आणि पाचही वेळा फार्मासिस्ट दिनाला केक, शाल, श्रीफळ, आणि ज्याचा सत्कार तोच पुढच्या वर्षी सत्कार करणाऱ्यात. माझ्या घरी तीन शाली आहेत, एक मांजर वापरते. औषधाबद्दल पाच वर्षांत एक शब्द नाई.

मग मी दुसरीकडं गेलो, तिथं दर महिन्याला एका हॉस्पिटलच्या फार्मसीत जमायचे, चहा त्यांचा, आणि नियम एकच की ज्याच्याकडं जमलो त्यानं आपली एक चूक सांगायची. चूक, बरं का, यशोगाथा नाई. पहिल्या बैठकीला सगळे छताकडं बघत बसले. तिसऱ्या बैठकीला एकानं सांगितलं की त्याच्याकडं डोपामाईनच्या जागी डोब्युटामाईन वॉर्डात गेलं होतं, सिस्टरनी बघितलं म्हणून वाचलं, आणि मग जे सुरू झालं की प्रत्येकाकडं तीच जोडी शेजारी शेजारी ठेवलेली निघाली, कारण रॅक अक्षरांच्या क्रमानं लावलेला. इंग्रजीत अशा नावांमधला वेगळा भाग कॅपिटल अक्षरात छापायची पद्धत आहे, पण आमच्याकडं एक पोरगा रॅकच्या पट्ट्या मराठीत लिहायचा आणि मराठीत कुठलं आलं कॅपिटल, तर त्यानं मधला भाग लाल खडूनं गिरवला. ते आम्ही सगळ्यांनी उचललं. असल्या गोष्टीसाठी मेंबर व्हा.

म्हणून फॉर्म भरायच्या आधी त्या सरांना एवढंच विचारा, शेवटची बैठक कधी झाली आणि तिथं काय बोललात.

अजून एक, २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्सप्रमाणं रजिस्ट्रेशन रिन्यू करताना पाच वर्षांत दोन रिफ्रेशर कोर्स लागतात. जाणारच आहात तर तिथं शेवटच्या ओळीत बसून मोबाईल बघू नका, मधल्या सुट्टीत चार नंबर घ्या. तुमच्या पुण्याच्या मैत्रिणीची झोप वाचंल.

स्टोअरवाला_बीड

काका तुमचं सगळं बरोबर आहे पण स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मी अकरा वर्षं स्टोअर बघायलो, असोसिएशनच्या मेंबरशिपनी माझ्या पगारात एक रुपया वाढला नाई. कॉन्फरन्स कुठं तर मोठ्या शहरात, तीन दिवस, म्हणजे सुट्टी आपली, रजिस्ट्रेशन फी आपली, जायचं यायचं भाडं आपलं, आणि परत आलं की पेंडिंग इंडेंटचा, म्हणजे औषधांच्या मागण्यांचा, ढीग पण आपलाच. तिथं स्टेजवर सगळे प्रोफेसर आणि कंपनीवाले, वॉर्डात औषध देणारा माणूस मागं जेवणाच्या लाईनीत. ताईंनी तेवढे पैसे पोराच्या ट्यूशनला भरावेत असं माझं मत आहे.

आणि एक सांगा, क्लिनिकल फार्मसी न् राऊंड न् काय काय बोलतात, आमच्याकडं डॉक्टर फार्मासिस्टला "ए मेडिकलवाले" म्हणून हाक मारतात, तिथं कसला राऊंड.

नांदेडचा_फार्मडी

बीडवाले दादा, पगाराचं मान्य. पगार वाढवणं हे तिचं कामच नाई, ते काकांनी वर लिहिलंय. पण मागं जेवणाच्या लाईनीत असतो म्हणलात ना, तर मी २०२३ च्या जानेवारीत नागपूरला इंडियन फार्मास्युटिकल काँग्रेसला गेल्तो, ७२ वी होती, तिथली गोष्ट सांगतो. ही काँग्रेस पाच संघटना मिळून भरवतात, वरच्या दोन्ही त्यात आहेत, शिवाय शिक्षकांची, पदवीधरांची आणि ड्रग कंट्रोलवाल्यांची.

माझं पोस्टर होतं पोटॅशियम क्लोराईडवर. आमच्याकडं केसीएलचे दहा मिलीचे ॲम्प्युल प्रत्येक वॉर्डाच्या ट्रेमधे सुट्टे पडलेले असायचे, डिस्टिल्ड वॉटरच्या शेजारी, आणि एका ॲम्प्युलमधे वीस मिलिइक्विव्हॅलंट असतात, पातळ न करता डायरेक्ट शिरेत गेलं तर हृदय थांबतं, हे आपल्याला पाठ असतं पण ट्रे तसाच असतो. मी काय मोठं संशोधन नाई केलं. सगळ्या वॉर्डांत फिरून मोजले, मेट्रनला न् फिजिशियन सरांना तो आकडा दाखवला, आयसीयू सोडून सगळीकडून उचलले, तीन महिन्यांनी परत मोजले. एवढंच.

पोस्टर छापायला नांदेडात फ्लेक्सवाल्याकडं गेलो तर तो वाढदिवसाच्या बॅनरांचा माणूस, फाईल बघितली आणि म्हणला, दादा सगळं लिहिलंय पण फोटो कुणाचा टाकायचा? मी म्हणलं कुणाचाच नाई. म्हणला मग हे लावायचं कशाला. खालची जागा मोकळी दिसायली म्हणून त्यानं मला न विचारता दोन गुलाबाची फुलं टाकली होती, ती काढायला लावली. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनी निघालो, पोस्टरची गुंडाळी मांडीवर उभी धरून, यवतमाळला चहाला उतरलो तेव्हा पण सोबत घेऊन उतरलो, ड्रायव्हरला वाटलं बंदूक आहे का काय.

आता मुद्दा. पोस्टरसमोर दोन तास उभा होतो, बहुतेक लोक फोटो काढून पुढं जायचे. एक केरळच्या मॅडम आल्या, पूर्ण वाचलं आणि एकच प्रश्न विचारला, रात्री दोनला वॉर्डात पोटॅशियम लागलं आणि फार्मसीत माणूस नसंल तर? माझ्याकडं उत्तर नव्हतं. म्हणजे खरंच नव्हतं, आम्ही उचलून आणले आणि रात्रीचा विचारच केला नव्हता, आणि नंतर कळलं की आमच्या फीमेल मेडिसिनच्या सिस्टरांनी कपाटात चार लपवून ठेवले होते, काय करतील बिचाऱ्या. त्या मॅडमनी त्यांच्याकडची पद्धत तिथंच मागच्या कागदावर काढून दिली. कुलपाची छोटी पेटी, आयसीयूत, दोन सह्या केल्याशिवाय निघत नाई, त्यातून पण आधी पातळ केलेली बाटली द्यायची, ॲम्प्युल नाई. आल्यावर आम्ही तेच केलं. तो कागद अजून माझ्या ड्रॉवरमधे आहे. बक्षीस बिक्षीस काई मिळालं नाई.

आणि "ए मेडिकलवाले"चं म्हणाल तर मी आधी राऊंडला जायलोच नाई. मी एडीआरचे, म्हणजे औषधाच्या दुष्परिणामाचे, फॉर्म भरायला लागलो. पीव्हीपीआय, म्हणजे ते नोंदवायचा सरकारी कार्यक्रम, २०१० पासून आहे, फॉर्म पण सोपा, पेशंटची आद्याक्षरं, वय, काय रिॲक्शन कधी आली, संशय कुठल्या औषधावर आणि तुमचं नाव, इथपर्यंत भरलं तरी रिपोर्ट जातो, नाई जमलं तर १८००-१८०-३०२४ वर फोन करून पण सांगता येतं. पुरळ उठलेला पेशंट असला की मी वॉर्डात जाऊन डॉक्टरांनाच विचारायचो, सर हे कधीपासून. दहा-बारा वेळा विचारल्यावर तेच मला बोलवायला लागले. सप्टेंबरमधे १७ ते २३ फार्माकोव्हिजिलन्स वीक (औषधांच्या सुरक्षिततेचा आठवडा) असतो आणि १७ ला आपला मुक्तिसंग्राम दिन, झेंडावंदनाला सगळा स्टाफ आयता गोळा झालेला असतो, आमच्या शाखेच्या लोकांनी मागं ठरवलं की झेंडावंदन झालं की दहा मिनिटं तिथंच बोलायचं, वेगळा हॉल नको न् माईक नको. बरं जमलं ते.

स्टोअरवाला_बीड

गुलाबाच्या फुलावर हसलो. केसीएलचं आमच्याकडं पण ट्रेमधेच आहे, आत्ता उठून बघून आलो.

जालना_टू_शिकागो

मी मूळची जालन्याची, इकडं हॉस्पिटलमधे फार्मासिस्ट आहे. इकडच्या असोसिएशनचं नाव एएसएचपी, १९४२ ची. तुलना करायची म्हणून नाई लिहीत, कारण इकडं एका शिफ्टला एकटं कुणी नसतं, सगळंच वेगळं आहे. पण एक गोष्ट घेण्यासारखी वाटते. डिसेंबरमधे त्यांची मोठी मिटिंग असते, मिडइयर म्हणतात, तिथं रेसिडेन्सी, म्हणजे डिग्रीनंतरचं हॉस्पिटलातलं ट्रेनिंग, देणारी हॉस्पिटलं टेबलं लावून बसतात आणि नवीन पोरं एका टेबलावरून दुसऱ्यावर जातात, आपल्या बाजारात फिरल्यासारखं. मला पहिली संधी तशीच मिळाली. नवीन लोकांसाठी वेगळा फोरम असतो आणि विषयवार छोट्या ॲडव्हायजरी कमिट्या असतात, त्यात साधा मेंबर पण नाव देऊ शकतो. मी एका कमिटीत वर्षभर होते, काम काय तर महिन्याला एक फोन कॉल आणि एखादं डॉक्युमेंट वाचून सूचना द्यायच्या. ते बायोडाटात दिसतं हे खरंय पण मला त्याहून मोठा फायदा हा झाला की ज्यांचे पेपर वाचायचे ती माणसं फोनवर "तुमचं काय मत" असं विचारायला लागली. इकडं माझा उच्चार ऐकून लोक दोनदा विचारतात, तिथं कुणी विचारलं नाई.

परभणीच्या ताई, तुमच्या आरएलच्या प्रश्नाचं: मोठ्या माणसात एकाच वेळी एका लाईनीतून नाही, वाय साईटनी (लाईनीच्या मधल्या जोडावरून) पण नाही, पण मधे लाईन सुसंगत फ्लुइडनी नीट फ्लश करून एकामागून एक चालतं. नवजात बाळाला कॅल्शियम असलेलं आयव्ही फ्लुइड चालू असंल किंवा लागणार असंल तर सेफ्ट्रायॅक्झोन द्यायचंच नाही, फ्लश करून पण नाही. वॉर्डात हे एका ओळीत चिकटवून टाका.

इंडेंटवाली_परभणी

बाप रे, एवढे रिप्लाय. थँक्यू शिकागोवाल्या ताई, उद्याच चिकटवते.

काकांनी सांगितल्यासारखं त्या सरांना विचारलं, शेवटची बैठक कधी झाली. ते आधी गप्प झाले, मग म्हणले कोविडच्या आधी. मग स्वतःच म्हणले की मॅडम तुम्ही घ्या की तुमच्याकडं. म्हणजे मेंबर होण्याआधीच बैठक माझ्या गळ्यात.

पोस्टर वगैरे माझ्याच्यानं कसलं होतंय, माझ्याकडं काहीच नाई तसं. ती फ्रीजची वही आहे फक्त, एनएबीएचवाले बघतात म्हणून दीड वर्ष सकाळ-संध्याकाळ टेम्परेचर लिहायले, लाईट गेली तर ते पण लिहिते, किती वाजता गेली किती वाजता आली. आणि मे महिन्यात लेबर रूमला गेले होते तर ऑक्सिटोसिन ट्रेमधे बाहेरच ठेवलेलं, बाहेर ऊन बेचाळीसचं, ते पण मी वहीत मागच्या पानावर लिहून ठेवलंय कारण कुणाला सांगावं कळंना.

कोल्डरूम_काका

अहो ताई!! आणि म्हणे माझ्याकडं काही नाई!

ती वही जपून ठेवा, आधी मोबाईलवर पानापानाचे फोटो काढा. ऑक्सिटोसिन दोन ते आठ डिग्रीत ठेवायचं असतं, बाहेर राहिलं की त्याचा जोर उतरत जातो, आणि बाळंतीण बाईला रक्तस्राव सुरू झाल्यावर तेच इंजेक्शन लागतं. २०१९ ला डब्ल्यूएचओ, युनिसेफ न् यूएनएफपीए (संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी) ह्यांनी मिळून नेमकं ह्याच्यावरच निवेदन काढलं होतं, ऑक्सिटोसिन कोल्ड चेनमधेच ठेवा म्हणून. मराठवाड्यात मे महिन्यात लाईट जाणाऱ्या गावात दीड वर्षाची वही म्हणजे काय आहे ते तुम्हाला कळंना झालंय. पुण्या-मुंबईच्या एसी फार्मसीत बसून ही वही लिहिता येत नाई.

आता काय करा, थर्मामीटर मिनिमम-मॅक्सिममवाला वापरा, त्याचा प्रोब पाण्याच्या छोट्या बाटलीत बुडवून ठेवा म्हणजे दार उघडलं की आकडा उगाच उड्या मारत नाई. दारातल्या कप्प्यात औषध ठेवू नका. मागच्या भिंतीला इन्सुलिन टेकवू नका, गोठलं की गेलं. लेबर रूमला पुढचे दोन महिने तसंच मोजा, मग एक छोटा फ्रीज किंवा आईसपॅकचा डबा काय जमंल ते करा, आणि परत मोजा. नांदेडच्या पोरानं केसीएलचं केलं तसंच.

नांदेडचा_फार्मडी

काकांशी शंभर टक्के सहमत. ताई फक्त एक, आधी हॉस्पिटलची लेखी परवानगी घ्या, तोंडी नको. वहीत पेशंटचं नाव नाई त्यामुळं सोपं जाईल, तरी एथिक्स कमिटी असंल तर एक अर्ज टाकून ठेवा. ॲबस्ट्रॅक्ट, म्हणजे पोस्टरचा सारांश, मी बघून देतो, अडीचशे-तीनशे शब्दांचं असतं. आणि बैठक परभणीत घेतली तर आम्ही नांदेडहून तिघं येतो, गाडीनं तास-दीड तासाचा रस्ता आहे.

स्टोअरवाला_बीड

बीडहून परभणी जरा लांब पडतं पण रविवार असंल तर मी पण येतो. मेंबर मात्र होणार नाई, आधीच सांगतो.

कोल्डरूम_काका

नका होऊ. चूक मात्र सांगावी लागंल.

इंडेंटवाली_परभणी

अपडेट देते. परवा आमच्या इन्चार्ज सरांकडं परवानगीचा कागद घेऊन गेले. त्यांनी दोनदा वाचला आणि पहिला प्रश्न, यात हॉस्पिटलची बदनामी तर नाई ना मॅडम. मी म्हणलं सर आपण सुधारणा केली असंच लिहायचंय, आणि नाव नको असंल तर "मराठवाड्यातलं एक ट्रस्ट हॉस्पिटल" एवढंच लिहू. विचार करतो म्हणले. आज सकाळी स्वतः बोलवून सही दिली, फक्त एक अट, लेखकांत त्यांचं नाव पाहिजे आणि हॉस्पिटलचं नाव पण मोठ्या अक्षरात. मी हो म्हणले, फक्त बोलले की सर मग आकडे पण आपल्या दोघांना सांभाळावे लागतील, तर लगेच लेबर रूमच्या इन्चार्ज सिस्टरना फोन लावला त्यांनी.

फॉर्म पण भरला, आयएचपीएचा.

आता अडचण अशी आहे की आमच्याकडं मिनिमम-मॅक्सिमम थर्मामीटर एकच आहे. तो लेबर रूमला नेला तर फार्मसीचा फ्रीज उघडा पडतो, आणि नवीन मागवायचा तर परचेसमधे इंडेंट पास व्हायला महिना. कुणाकडं जास्तीचा आहे का?

कोल्डरूम_काका

माझ्याकडं आहे एक. बैठकीला येतानाच आणतो. सेल तेवढे तुमचे.